सात घरी जेवणारा

पौष अर्धा सरला की आमच्या पाखाडीत सुपारीची सोलणी सुरू होते. पाटात उभे बसवलेले एक पाते, त्यावर वाळलेल्या सुपारीचा दाब, मनगटाची एक पिळणी, की साल फुटते. कट्. एका अंगणात दहाबारा बाया सोलायला बसल्या की लांबून वाटते, कुणीतरी एखाद्या घराच्या नावाने बोटे मोडत बसले आहे.

आणि वास. दवाने भिजून आंबलेली सुपारी, ओले गोणपाट आणि परसात कुजत पडलेल्या सालींचा ढीग, या तिन्हींचा मिळून एक तुरट, आंबूस वास होतो आणि तो फाल्गुनापर्यंत कपड्यांतून जात नाही. श्रीवर्धनच्या बाजूला या वासाला लक्ष्मीचा वास म्हणतात. म्हणोत. मला त्या वासाने शिसारी येते. सुपारीचा यात काही दोष नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतला एक हंगाम त्या वासाला चिकटून बसला आहे, एवढेच.

यंदाही सोलणी सुरू झाली आणि त्याच आठवड्यात देवळात मंडळाची सभा झाली. गावातल्या अपंगांना माघी पौर्णिमेला जेवण घालायचे, एकेक घोंगडी द्यायची, असा ठराव आला. भाऊकाका आता थकले आहेत, पण अध्यक्ष तेच. खांबाला टेकून, डोळे मिटून ते म्हणाले, "आपल्या गावाला हे नवीन नाही. लखमाला याच गावाने सात घरांत जेवू घालून जगवला." सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांचा तेव्हा जन्म झाला नव्हता त्यांनीही डोलावल्या.

मला जेवण जाईना त्या दिवशी.

लखमा पोफळीवर चढायचा. पोफळ म्हणजे सुपारीचे झाड. हाताच्या दोन पंजांत मावेल एवढे बारीक आणि सातआठ पुरुष उंच. पायांत दोरीचा फास, कमरेला कोयती, असा तो सकाळी एका झाडावर चढायचा आणि दुपारी भलत्याच झाडावरून उतरायचा. मधल्या झाडांसाठी खाली यायचाच नाही. शेंड्यावर बसून झाड झुलवायचे, झुलता झुलता शेजारच्या पोफळीचा शेंडा पकडायचा आणि पलीकडे जायचे. खाली रहाट कुरकुरत असे, पाटातून पाणी वाहत असे, आणि वर हिरव्या अंधारात हा माणूस एक झाड सोडून दुसऱ्याचा होत असे. वाडीत पाहुणे आले की आम्ही त्यांना मुद्दाम दाखवायला नेत असू. "पडत कसा नाही हो?" पाहुणे विचारायचे. लखमा वरून ओरडायचा, "पडायला सवड कुठं हाय!"

तो पडला भाऊकाकांच्या वाडीत. ज्या पोफळीचा शेंडा त्याने पकडला ती आतून पोखरलेली होती. ती तोडायची आहे हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होते. तोडायचे राहून गेले होते. हंगाम संपता संपताची गोष्ट. लखमा सबंध पावसाळा झोपडीत आडवा होता. हाडवैद्य येऊन गेला, लेप झाले, पट्ट्या झाल्या. दिवाळीला तो काखेत काठी घेऊन उभा राहिला तेव्हा डावा पाय वाळक्या झावळीसारखा नुसता लोंबत होता.

घरात काही उरले नव्हते. त्याची बायको जानकी दोन पोरांना घेऊन दिघीच्या खाडीपलीकडे माहेरी गेली होती. भांडून नव्हे, उपाशी राहता येत नाही म्हणून. जाताना म्हणाली होती, "चूल पेटंल तवा बोलवा." त्या वर्षी लखमाला हवे होते ते एवढेच. चूल पेटायला हवी होती. पाय परत येणार नाही हे त्याने आमच्या आधी ओळखले होते.

गाव मात्र पायापाशीच थांबले होते.

वार लावून जेवणे ही आमच्याकडची जुनी रीत. शिकायला आलेल्या गरीब मुलाला सात घरांनी आठवड्यातला एकेक वार वाटून घ्यायचा आणि त्या त्या दिवशी जेवू घालायचे. रीत चांगली. त्या रीतीवर शिकून मोठी झालेली माणसे मी पाहिली आहेत. पण मुलगा शिकतो आणि वार सुटतात, हे त्या रीतीचे मर्म. तीस-बत्तीस वर्षांच्या, बायकापोरे असलेल्या, दोन्ही हात शाबूत असलेल्या माणसाला वार लावायचे हे आमच्याच गावाला सुचू शकते.

दिवाळीनंतर देवळात बैठक झाली. लखमा बाहेर पायरीवर बसला होता. आत वार वाटले जात होते.

"शनिवार माझा," भाऊकाका आधीच म्हणाले.

"असा कसा तुमचा?" समोरून कोणी म्हणाले. "तुमची साडेसाती गेल्या वर्षीच उतरली ना!"

"उतरली कुठे? शेवटची अडीचकी चालू आहे. आणि पडला कोणाच्या वाडीत तो? हक्क माझा."

शनी लंगडा आहे, म्हणून शनिवारी लंगड्या माणसाला जेवू घातले की पीडा टळते, अशी समजूत. हक्क माझा, हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. झाड माझे होते, तेव्हा भरपाई माझ्याकडे, असे कोणी म्हटलेले मात्र ऐकले नाही. सोमवार कोणालाच नको होता, कारण उपास. त्यावर थोडी घासाघीस झाली. आमच्या घराकडे गुरुवार आला. आमचे घर त्या सातांतलेच. मी ते वेगळे काढत नाही.

सगळे ठरल्यावर लखमाला आत डोकवायला सांगितले. त्याने एकच विचारले. "आनि जानकीचं? पोरांचं?"

"त्यांना माहेर आहे ना," भाऊकाका म्हणाले. "तुझं बघ तू."

तेव्हा मी मामलेदार कचेरीत नुकता चिकटलो होतो. भाऊकाकांच्या आणि आमच्या अंगणांमध्ये छातीएवढा दगडी गडगा होता, आणि तिकडचे बोललेले इकडे स्पष्ट ऐकू येई. सोलणी सुरू झाली त्या पहिल्याच शनिवारी काकूंचा आवाज ऐकला. "लखमा, भात व्हायचाय अजून. बसल्या बसल्या चार सुपाऱ्या सोल."

त्या चार सुपाऱ्या कुठल्याच घरात चार राहिल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्याला सूप झाले, तिसऱ्याला टोपली. लखमा सकाळी यायचा, पाते मांडीशी घ्यायचा आणि दुपारचे जेवण होईपर्यंत व जेवण झाल्यावर दिवस कलेपर्यंत सोलत राहायचा. चढणाऱ्याचे मनगट होते ते. बायांना दोन दाब लागत तिथे त्याला एक पुरे. सात घरे, सात वार, आणि रोज एका घरची सोलणी फुकटात उरकलेली. घरांनी मग हळूच सोलणीच्या बायांना सांगितले, "यंदा नको गं, यंदा माल कमी आहे." माल कमी नव्हता. झाडे तेवढीच होती.

मी आकड्यांचा माणूस. जेवणाचा एक भात, एक आमटी, वर वाढलेच तर लोणचे. घरचे तांदूळ, घरचा नारळ. बायांना पायलीमागे जे देत त्या दराने लखमाची दिवसाची सोलणी धरली, तर हे जेवण तिच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचत नव्हते. मी दोनदा करून पाहिले, दोन्ही वेळा तेच आले. ज्या दानात देणाऱ्याच्या पदरी दोन हिस्से उरतात, त्याला बाजारात दुसरा शब्द आहे. आम्ही त्याला पुण्य म्हणत होतो आणि संध्याकाळी देवळात एकमेकांना सांगत होतो.

जेवायला त्याला अंगणाच्या कडेला बसवत, माडाच्या आळ्याजवळ. पत्रावळ लांबून सरकवायची, पाणी वरून ओतायचे. आणि जेवण झाल्यावर त्याने स्वतः उठून, म्हणजे बसल्या बसल्या सरकून, त्या जागेवर शेण फिरवायचे. डावा पाय मागे ओढत, एका हातावर भार देऊन, दुसऱ्या हाताने तो आपल्या जेवणाची खूण पुसत असे. मग तेच हात धुऊन पुन्हा पात्यावर बसे, आणि त्या हातांनी सोललेली सुपारी मुंबईला जाऊन कोणाच्या तरी पूजेत गणपती म्हणून पाटावर बसे. त्या सुपारीला विटाळ नव्हता. एवढी सोयीची विटाळाची समजूत मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

एका गुरुवारी येसू आमच्या अंगणात आली. सोलणाऱ्या बायांची ती मुकादमीण म्हणायची. नवरा बोटीवर गेलेला तो आलाच नव्हता. लखमा सोलत होता. ती त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बायकांच्यात बसायला लाज न्हाय वाटत? बांगड्या तरी भर हातात."

"भर की," लखमा मान वर न करता म्हणाला. "हिरव्या आन. पन बांगड्यांबरोबर पायलीचं पैसं पन दे."

"माझ्याकडं मागतोस? माझंच काम खाल्लास नि!"

"काम खाल्लं असतं तर पोट भरलं असतं, येसू. मी भात खाल्लाय. तो उद्याच्याला पुरत न्हाय, नि खाडीपलीकडं जात न्हाय."

येसू खाली बसली. सुपातली एक सुपारी उचलून तिने नुसतीच हातात फिरवली. "आज तुला भातावर बसवलाय," ती म्हणाली, "उद्या मला पन बसवतील. बसवतील का न्हाय?"

"तुझा पाय मोडला की."

"मोडायला काय येळ लागतो!"

दोघेही हसले. माझी आई ओटीवर उभी होती. ती हसली नाही. आत गेली.

त्या शनिवारची सकाळ मला अजून दिसते. थंडी होती, गडग्यावर दव होते. लखमा नेहमीच्या वेळी भाऊकाकांच्या अंगणात आला. टोपली समोर ठेवली होती. त्याने पाते घेतले नाही. काठी शेजारी आडवी ठेवली, हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिला. येसू आणि दुसऱ्या बायाही आल्या आणि फाटकाच्या बेड्याबाहेर उभ्या राहिल्या.

काकू बाहेर आल्या. "लखमा, हात का थांबले?"

"पाय गेला तवा कोनी इचारलं न्हाय, का थांबला म्हनून. आता हात पन गेलं समजा."

दुपार झाली. पत्रावळ आली, भात आला. लखमाने पत्रावळीला हात जोडले आणि पुन्हा मांडीवर ठेवले. वार लावलेला माणूस जेवल्याशिवाय घरातल्या कोणी जेवायचे नाही, ही त्याच रीतीतली अट. आणि शनिवार होता. शेवटची अडीचकी होती. दारात लंगडा माणूस उपाशी, भरल्या पानावर. भाऊकाकांच्या चेहऱ्यावर मी कधी दया पाहिली नव्हती. त्या दिवशी भीती पाहिली.

"अरे जेव ना बाबा! काय कमी आहे? तूप वाढू का?"

"तूप नको, भाऊकाका. भूक न्हाय."

"भूक नाही कशी? तोंड बघ तुझं!"

"भूक हाय, पन ती घरची हाय. हितली न्हाय."

"म्हणजे काय हवंय काय तुला?"

"पायलीचं पैसं. येसूला देता तेच. कमी नको, जास्त नको."

"सात घरं जेवू घालतायत आणि वर पैसे? कृतघ्न आहेस लखमा!"

पानातल्या भातावर माशी बसली ती लखमाने उडवली देखील नाही. बेड्याबाहेरून येसू म्हणाली, "भाऊकाका, त्याला पायलीचं माप लागल्याबिगर आमी पन पात्याला हात लावनार न्हाय. तुमची सुपारी तुमी सोला. काकूंना बसवा."

मुंबईचा व्यापारी चार दिवसांत यायचा होता. असोली सुपारी तो घेत नसे. घरात पोरे भुकेने कुरकुरू लागली होती. सूर्य माडांच्या मागे गेला तेव्हा भाऊकाका ओटीवरून उतरले आणि हळू आवाजात म्हणाले, "देतो. पण आजचं जेव. शनिवारचं तेवढं मोडू नको."

त्या घटकेला लखमाने तोंड फिरवले असते तर मला आवडले असते. पण तो माझ्याहून शहाणा होता. त्याने पत्रावळ जवळ ओढली. "शनिवारचं जेवीन, तुमची पीडा जाईतोवर," तो म्हणाला. "पन जेवन जेवनाच्या जागी. सोलनीचं पैसं येगळं. आनि शेन मी फिरवनार न्हाय."

तो सगळे जेवला. थंडगार भात, साय धरलेली आमटी, मीठसुद्धा. मग बायांनी पाती मांडली आणि गडग्यापलीकडून कट्, कट् आवाज सुरू झाला. त्याच्या जागेवर त्या दिवशी काकूंनी शेण फिरवले. नाकाला पदर लावून.

भाऊकाकांनी दिले म्हटल्यावर बाकीच्या घरांना द्यावेच लागले. आमच्या घरी आईने मला बोलावून एवढेच सांगितले, "गुरुवारी माप आणून ठेव." होळीच्या आधी एक दिवस कचेरीतून येताना लखमाच्या झोपडीबाहेर दोरीवर एक लुगडे आणि दोन लहान सदरे वाळत पडलेले दिसले. मी थांबलो नाही. कोणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे उभे राहून बघू नये. पण चालता चालता पुन्हा एकदा मान वळवलीच.

पुढच्या हंगामापासून तो कोणाच्या अंगणात गेला नाही. पोती त्याच्या अंगणात येऊ लागली. तो, जानकी, येसू आणि आणखी दोघीतिघी तिथेच सोलू लागल्या. एवढीच गोष्ट. यात चमत्कार नाही, दयाही नाही. बसून करायचे काम आणि त्याची ठरलेली मजुरी, या दोन वस्तू एका माणसाला एका जागी मिळाल्या.

आणि आता त्याच गावात, तेच लोक आणि ही पौर्णिमेची पंगत. मी सभेत विचारले, "आपल्याकडे तो आंधळा सुंभ वळतो. मंडपाला दोर त्याच्याकडून का घेत नाही? मागच्या वेळी मुंबईहून आणला."

"मुंबईचा दोर गुळगुळीत असतो हो अण्णा," एक तरुण म्हणाला.

"आणि दोर घेणं म्हणजे व्यवहार झाला," भाऊकाका डोळे न उघडता म्हणाले. "अन्नदानाचं पुण्य वेगळं."

या माणसाला वीस वर्षांत काही झालेले नाही. साडेसाती उतरली, केस गेले, दात गेले, पण पुण्याचा तो हिशोब जसाच्या तसा आहे. मला वाटते, कुजकी सुपारी निदान वासावरून कळते. वरून चांगली, सोलली की आत काळी भुकटी, अशीही एक जात असते. तिला आमच्याकडे पोकळ म्हणतात आणि ती हलवून पाहिल्याशिवाय ओळखता येत नाही.

लखमाला आमंत्रण द्यायला मंडळ गेले. सातही घरांची माणसे होती. मीही गेलो; मला पाहायचे होते. लखमा अंगणात सोलत होता. केस पांढरे, काठी शेजारी, मांडीशी तेच पाते, झिजून अर्धे झालेले. जानकीने चटई टाकली. कोणी बसले नाही. तिने पाण्याचा तांब्या आणला. कोणाला तहान नव्हती.

भाऊकाकांनी सांगितले. पौर्णिमा, जेवण, घोंगडी, चार शब्द.

"पौर्निमेला सोलनी हाय," लखमा म्हणाला. "पोती आल्यात. दिस मोडंल."

"अरे, एक दिवस! गाव तुला जेवू घालतंय."

लखमाने हातातली सुपारी सोलून सुपात टाकली. मग पाते बाजूला सारले, हात पुसले आणि आमच्या सगळ्यांकडे सावकाश बघितले. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. निदान मला दिसली नाही.

"तुमी मला जेवू घातलंत, ते माझ्या डोक्यावर हाय," तो म्हणाला. "शनिवार तुमचा, गुरुवार अण्णांचा, समदं ध्यानात हाय. आता माझी चूल हाय. जानकी चांगलं रांधते. तवा तुमी सातजन माझ्याकडं जेवायला या. एकदम नको, घर लहान हाय. एकेकानं या. तुमाला कोनता वार सोयीचा?"

सोलणाऱ्या बायांची पाती थांबली होती. एकाने खोकून घेतले. एकाला एकाएकी आठवले की वाडीत पाणी सोडायचे राहिले आहे. भाऊकाकांनी काठी उचलली आणि उतारावर पाय जपत टाकत निघाले. त्यांच्यामागून बाकीचे.

मी गुरुवार सांगितला.

जानकीने भात, सुक्या जवळ्याची चटणी आणि आंबट वरण केले होते. लखमा माझ्यासमोर पाटावर बसला. जेवण झाल्यावर माझे पान मी उचलले, तर त्याने हात धरला. "राहू द्या अण्णा," म्हणाला, "पाव्हनं उचलत न्हाईत."

त्याला आता महिना होत आला. पौर्णिमा झाली, घोंगड्या वाटल्या, एक उरली ती देवळात पडून आहे. लखमाचे बाकीचे सहा वार अजून रिकामे आहेत.